सोळा पानांचा हिशेब

शहापुरात, माग थांबलेल्या एका बोळात
हलगेकरांचं दुकान.
पाटीवर वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी.
आत जुनी पुस्तकं एकेक पान काचेवर पालथी पडतात,
उजेड सरकतो,
आणि त्यांची ई-पुस्तकं होतात.

मी चुका शोधते.
यंत्राला ख कळत नाही.
त्याच्या लेखी राखण म्हणजे रारवण,
आणि खानापूरचा नायक
पहिल्याच प्रकरणात रवानापूरला रवाना होतो.
मी त्याला परत आणते.
मग ‘काय करायलास’खाली तांबडी नागमोडी रेघ,
असा शब्द नाही म्हणे.
आहे, म्हणते मी, आणि रेघ पुसते.
दिवसाला चाळीसदा.

विक्रीसाठी प्रदेश विचारतात.
प्रणवनं यादीतून कर्नाटक निवडलं, तर ते दुकान
आम्हाला कन्नड पुस्तकं सुचवायला लागलं.
बरी होती. दोन मी घेतली.

छापायचं का थांबवलं, असं विचारलं की
प्रणव माडीवरचे गठ्ठे दाखवतो.
तीनशे प्रतींतल्या दोनशे
वाळवीनं वाचल्या, तेही फुकट.

गुरुवारी भरमाण्णा आला, आमचा बाइंडर.
त्याला कुणी काढलं नव्हतं, कामच येईना झालं.
रीडर त्यानं तळहातावर तोलला.
“किती फर्म्याचं हाय?”
फर्मे नसतात याला.
“मग शिवण?”
नाही.
“पानाचा नंबर तरी?”
टक्के असतात. तेवीस टक्के वाचून झालं, असं सांगतं.
“डेअरीतल्या दुधागत,” म्हणाला, आणि
उलटं करून पाठ बघितली.

चाळीस वर्षं त्यानं फर्मे जुळवले.
सोळाव्या पानाची शेवटची ओळ,
सतराव्याची पहिली,
जुळलं की सुई.
तेवढंच वाचायचा, तेवढ्यालाच वेळ होता.
त्यामुळे शेकडो कादंबऱ्या त्याला
दर सोळा पानांनी एकदा माहीत आहेत.
बत्तिसाव्यावर ठरलेलं लग्न
अठ्ठेचाळिसाव्यावर कुणीच बोलत नाही.
मधलं सगळं दाबाखाली गेलं,
कडा कापून, पुठ्ठा लावून,
दुसऱ्याच कुणाच्या घरी.
आता मोतीबिंदू. छापील ओळ म्हणजे मुंग्या.

“ती नागरत्ना,” म्हणाला,
“सोळाव्यावर रडायली हुती.
का, ते ऱ्हायलंच बघायचं.”

शोधलं. नागरत्ना, सदतीस ठिकाणी.
पण सोळावं पान आता कुठं असतं?
म्हणून पहिल्यापासून.
मी अक्षर वाढवलं. आणखी. आणखी.
पडद्यावर सात शब्द उरले.
त्यानं बोटाला थुंकी लावली, सवयीनं.
पान हललं नाही.
खळीनं आणि दोऱ्यानं झिजलेलं ते बोट
यंत्राला बोटच वाटेना.
शेवटी करंगळी चालली.

सात-सात शब्द, ओठ हलवत.
एके ठिकाणी अडला. “रवरं म्हंजे?”
‘खरं’ आहे ते, म्हटलं, आपल्याकडचं,
‘पण’ या अर्थाचं. सुटलं माझ्या नजरेतून.
“तरीच.”
चहाला साय धरली.
प्रणव किल्ल्या माझ्याजवळ ठेवून गेला.
समोरच्या लाँड्रीवाल्यानं कोळसे विझवले.

साडेसातला कोपऱ्यात अकरा टक्के दिसत होते,
वाचनाचे की बॅटरीचे, त्यानं विचारलं नाही.
मान वर केली.
“एवढ्यासाठी?
एवढ्यासाठी रडायली हुती होय, खुळी?”

मी हात पुढे केला, आता देईल म्हणून.
त्यानं दिला नाही.
करंगळी पुढच्या सात शब्दांवर गेली.